नातवाला माझ्या डोळ्याचं इंजेक्शन चालेल का?

आदरणीय डॉक्टरताई,

मी दांडिया बाजारात राहतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. माझ्या अडीच वर्षांच्या नातवाला श्रावणात ताप आला. आधी व्हायरल म्हणाले, मग डेंग्यूची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. सातव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी लाल डोळे, फुटलेले ओठ आणि दंडावरचा लाल झालेला बीसीजीचा व्रण बघून कावासाकी आजार, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना येणारा दाह, सांगितला. आठव्या दिवशी आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देतात ते प्रतिपिंडांचं औषध, दिलं, ताप उतरला. पण दोन आठवड्यांनंतरच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) एलएडी या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीला २.९ मिलिमीटरचा फुगवटा दिसला; धमनी त्याच्या शरीराच्या मानानं किती रुंद हे सांगणारा झेड स्कोअर ४.२. सहा आठवड्यांनी तो २.६ झाला, झेड स्कोअर ३.१. रोज ॲस्पिरिन चालू आहे.

या आजारात रक्तातलं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढतं आणि फुगवटे येणाऱ्या मुलांत ते जास्त वाढतं, असं मी इंटरनेटवर वाचलं. मला मधुमेह आहे. डोळ्याच्या पडद्याला सूज आली म्हणून व्हीईजीएफ थांबवणारी इंजेक्शनं मी घेतो आणि मला फरक पडला आहे. मग नातवाची ती तपासणी करून तेच औषध त्याला देता येणार नाही का? डॉक्टर नुसतं 'गरज नाही' म्हणाले. माझे छापील कागद पाहिले की सूनबाई रडते. मुलगा म्हणतो, पोरगा घरभर धावतोय, आता गोळी कशाला? आम्ही उशीर तर केला नाही ना, हे मनातून जात नाही. डिसेंबरात पुण्याला घरचं लग्न आहे, त्याला न्यावं का?

— एक आजोबा, बडोदे

काका, सादर नमस्कार.

आधी उत्तरं सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. ते इंजेक्शन नातवाला द्यायचं नाही. व्हीईजीएफची तपासणीही करू नका. तुम्ही उशीर केलेला नाही. ॲस्पिरिन डॉक्टर सांगतील तोवर एक दिवसही चुकवायची नाही. आणि लग्नाला त्याला जरूर न्या.

आता कारणं. तुमच्या डॉक्टरांचं 'गरज नाही' बरोबरच आहे. पण ज्यांनी आयुष्यभर वर्गात मुलांना 'का' विचारायला लावलं, त्यांची तेवढ्यावर बोळवण व्हावी हे मला पटत नाही. शिवाय तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फक्त त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे समजून घेण्यासारखं आहे.

व्हीईजीएफ हे एक प्रथिन. १९८३ साली बॉस्टनमध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्वोराक यांना ते प्रथम सापडलं, प्राण्यांमधल्या कर्करोगाच्या गाठींमुळे पोटात साचणाऱ्या पाण्यात. त्यांना दिसला तो त्याचा एक गुण: रक्तवाहिनीची भिंत पाझरती करणं. हिस्टामिनपेक्षा हजारो पटींनी जास्त ताकदीनं ते हे काम करतं. पुढे १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी नव्या रक्तवाहिन्यांना फुटवा आणणारं प्रथिन वेगळं काढलं, आणि ते हेच निघालं. म्हणजे पाझर फोडणं आणि फुटवा आणणं, ही दोन्ही कामं एकाच प्रथिनाची.

तुमच्या डोळ्यात चाललंय ते मुख्यतः पहिलं काम. मधुमेहामुळे पडद्याला प्राणवायू कमी पडतो, तिथल्या पेशी व्हीईजीएफ सोडतात, बारीक वाहिन्या झिरपायला लागतात आणि पडदा सुजतो. नातवाच्या आजारातही पहिल्या आठवड्यात हा पाझर असतोच. त्याचे तळहात-तळपाय सुजून टणक झाले होते का, आठवून बघा. दाखल केलं त्या दिवशीच्या रिपोर्टात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी आहे का, तेही बघा. रक्तातलं पाणी आणि अल्ब्युमिन वाहिन्यांबाहेर पाझरतं आणि आकडा खाली येतो. ज्या मुलांचं अल्ब्युमिन बरंच उतरतं त्यांच्यावर डॉक्टर अधिक बारीक लक्ष ठेवतात, कारण त्यांना आयव्हीआयजीचा एक डोस पुरत नाही असं जास्त वेळा होतं.

पण फुगवटा येतो तो नुसत्या पाझरानं नाही. कोरोनरी धमनीच्या भिंतीला तीन थर असतात: आत पातळ अस्तर, मध्ये स्नायूंचा थर, बाहेर सैलसर आवरण. त्यांच्यामध्ये लवचिक तंतूंची जाळी असते आणि भिंतीचा ताण तीच पेलते. कावासाकीत पहिल्या दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, या भिंतीत घुसतात आणि प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. त्यात ही जाळी तुटते. मग सायकलच्या ट्यूबची एखादी जागा झिजली की हवा भरताना तिथेच जसा फुगा येतो, तसं रक्ताच्या दाबाखाली धमनी त्या जागी फुगते. तुमच्यासारख्या शिक्षकाला विकरांबद्दल मी काय सांगावं! त्यांतली एक एमएमपी-९ म्हणून ओळखली जाते आणि या आजारात ती वाढलेली आढळते.

मग व्हीईजीएफ यात कुठे बसतं? त्या पांढऱ्या पेशी ते सोडतात, प्लेटलेट सोडतात, धमनीच्या भिंतीतल्या पेशीही सोडतात. पाझरामुळे भिंत ओलसर आणि सैल होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धमनीच्या बाहेरच्या आवरणात तिलाच रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या असतात, त्यांना फुटवा येतो. शिकागोच्या एका गटानं या आजारात दगावलेल्या मुलांच्या कोरोनरी धमन्या तपासून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुगलेल्या धमन्यांच्या भिंतीत त्यांना अशा नव्या बारीक वाहिन्यांचं दाट जाळं दिसलं, आणि त्यांच्या आसपास वाढ घडवणारी प्रथिनंही. या नव्या वाटांनी आणखी पांढऱ्या पेशी भिंतीच्या आत पोचत असाव्यात, असा तर्क त्यातून निघतो आणि तो पटण्यासारखा आहे.

इथे थोडं थांबा, काका. ती मुलं दगावलेली होती. त्यांचा आजार सगळ्यांत तीव्र होता. त्यांच्या धमनीचं वर्णन वाचून नातवाच्या छातीत आता हेच चाललं असेल असं मनात आणू नका. त्याचा ताप पहिल्याच डोसनं उतरला, फुगवटा लहान गटातला आहे आणि तो कमी होतो आहे. सूनबाई रडतात ते बहुधा यामुळेच. अशा लेखांतली चित्रं आणि वाक्यं आई आपल्या मुलाच्या चेहऱ्याला जोडूनच वाचते.

शिवाय व्हीईजीएफ तिथे हजर असतं म्हणून फुगवटा तेच घडवतं, असं होत नाही. दाह पेटला की टीएनएफ, इंटरल्युकिन-१, टीजीएफ-बीटा असे कितीतरी निरोपे एकाच वेळी सुटतात. त्यांतला कोणता निरोप अडवला की मुलांना फायदा होतो, हे औषध देऊनच कळतं. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब आणि इंटरल्युकिन-१ अडवणारं अनाकिन्रा, ही औषधं आयव्हीआयजीला दाद न देणाऱ्या मुलांत वापरली जातात. स्टेरॉइडही देतात. व्हीईजीएफ अडवणारं औषध त्या यादीत नाही.

तपासणीचं सांगते. दाहाच्या दिवसांत व्हीईजीएफ वाढतं आणि फुगवटा आलेल्या मुलांची सरासरी जास्त भरते, हे बरोबर. पण सरासरीवरून एका मुलाचं भाकीत करता येत नाही. फुगवटा आलेल्या आणि न आलेल्या मुलांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय एक अडचण आहे, ती तुम्हाला प्रयोगशाळेच्या अनुभवानं लगेच कळेल. प्लेटलेटच्या पोटात व्हीईजीएफ साठवलेलं असतं. नळीत रक्त गोठलं की प्लेटलेट ते सोडून देतात. त्यामुळे सीरममध्ये, म्हणजे गोठल्यावर उरलेल्या द्रवात, मोजलेला आकडा बराचसा नळीत तयार झालेला असू शकतो. आणि कावासाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट चांगल्याच वाढतात. नातवाच्या फाईलमध्ये त्या सुमाराचा आकडा काढून बघा. अशा वेळी व्हीईजीएफ जास्त आलं तर ते धमनीतलं की नळीतलं, हे कोण सांगणार? आणि आज ते कितीही आलं तरी नातवाच्या उपचारात काडीचाही बदल होणार नाही. ज्या आकड्यानं काही बदलत नाही त्यासाठी अडीच वर्षांच्या पोराला सुई टोचू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या इंजेक्शनाकडे येते. ते थेंबभर औषध डोळ्याच्या आत जातं आणि मुख्यतः तिथेच काम करतं. कोरोनरी धमनीपर्यंत ते पोचवायचं तर शिरेतून, सबंध शरीराला पुरेल एवढं द्यावं लागेल. कर्करोगात तसं देतात, आणि त्याचे परिणाम डॉक्टरांना चांगले माहीत आहेत: रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिन जातं, जखमा लवकर भरत नाहीत, धमन्यांत गुठळ्या होऊ शकतात. २०२० मध्ये युरोप आणि ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी शिरेतून किंवा तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या या औषधांवर आणखी एक इशारा घातला. त्यांच्यामुळे धमनीला फुगवटा येण्याचा किंवा तिची भिंत उकलण्याचा धोका असतो. म्हणजे जे थांबवायला तुम्ही हे औषध सुचवताय, तेच त्यानं होऊ शकतं. याचं कारण असं की निरोगी धमनीच्या अस्तरालाही थोडं व्हीईजीएफ रोज लागतं. तुमच्या डोळ्यावरचा उपचार मात्र उत्तम आहे, तो डोळ्याचे डॉक्टर सांगतील तसा चालू ठेवा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नातवाचा फुगवटा २.९ वरून २.६ वर आला, तो कसा? धमनीचा तुटलेला लवचिक थर पुन्हा विणला जात नाही. भिंतीतल्या स्नायूंसारख्या पेशी आतल्या बाजूला वाढतात, नवा थर चढवतात, आणि पोकळी आतून भरत जाते. या भरावाच्या कामातही वाढ घडवणारे घटक लागतात. मोठ्या फुगवट्यांत हाच भराव प्रमाणाबाहेर गेला तर पुढे धमनी अरुंद होते. जपानी संशोधकांनी २००० साली दाखवलं की आजाराला वर्षं उलटून गेल्यावरही अशा जुन्या जागांत व्हीईजीएफ आणि त्याच्या जोडीचे घटक काम करत असतात. जे प्रथिन आधी भिंत सैल करण्यात होतं तेच पुढे दुरुस्तीच्या कामातही सापडतं. लहान फुगवट्यात ही दुरुस्ती बहुतेकदा बेतानं होते. म्हणून ती आता नीट चालू असताना मधेच हात घालावा असं कुणाही शहाण्या डॉक्टराला वाटणार नाही.

आकडे सांगायचे तर कावासाकीतले निम्मे ते दोन तृतीयांश फुगवटे एक-दोन वर्षांत आकारानं पूर्ववत होतात, आणि लहान असतील तर शक्यता आणखी चांगली. झेड स्कोअर २.५ ते ५ म्हणजे लहान, ५ ते १० मध्यम, १० च्या वर किंवा व्यास ८ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिमोठा. तुमचा नातू पहिल्या गटात आहे. पण आकार पूर्ववत झाला तरी त्या जागची भिंत थोडी जाड आणि कडक राहते. म्हणून तो मोठा झाल्यावरही हा इतिहास त्याच्या डॉक्टरांना माहीत असायला हवा.

इको कसा होतो ते तुम्ही बघितलं असेल. आईच्या मांडीवर पोर, छातीवर थंड जेल, समोर मोबाइलवर कार्टून लावलेलं, आणि डॉक्टर पडद्यावर दोन समांतर रेघा शोधत असतात. एका रेघेच्या आतल्या कडेपासून दुसरीच्या आतल्या कडेपर्यंत मोजलं की ते आपले मिलिमीटर. मूल एवढं हललं तरी दशांशात फरक पडतो. म्हणून २.६ चा पुढच्या वेळी २.७ आला तर घाबरू नका, आणि शक्यतो तपासणी त्याच ठिकाणी, लहान मुलांच्या हृदयाचं काम करणाऱ्यांकडेच करा. झेड स्कोअर त्याच्या उंची-वजनाच्या हिशेबानं काढलेला असतो. पोरगं वाढत जाईल तसा मिलिमीटरचा आकडा तोच राहूनही झेड स्कोअर उतरेल. माझं ऐकाल तर छापील कागद कपाटात ठेवा आणि एक वही करा: तारीख, वजन, उंची, एलएडी, झेड स्कोअर, बस. ती वही सूनबाईंच्या हातात द्या. उतरता आकडा आईला दिसू दे. आणि शोधनिबंधातलं काही विचारावंसं वाटलं तर घरात वाचून दाखवण्याआधी ते डॉक्टरांना विचारा.

तुमच्या चिरंजीवांसाठी चार शब्द. गोळी फुगवटा बरा करायला नाही, हे त्यांना समजावून सांगा. फुगलेल्या जागी रक्ताचा वेग मंदावतो आणि तिथे गुठळी धरू शकते, ती धरू नये म्हणून ॲस्पिरिन. पोरगा धावतोय म्हणजे धोका टळला असं समजता येत नाही, कारण गुठळी होईपर्यंत असल्या फुगवट्याचं कुठलंच लक्षण दिसत नाही. झेड स्कोअर सामान्य झाला की डॉक्टर स्वतःच गोळी थांबवतील.

ॲस्पिरिनबरोबर दोन पथ्यं आहेत आणि दोन्ही कडक आहेत. आयबुप्रोफेन द्यायचं नाही, कारण ते ॲस्पिरिनचं काम अडवतं. आपल्याकडे दुकानात तापासाठी मागितलं की पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेलं सिरप बऱ्याचदा हातात ठेवतात. बाटलीवरची नावं वाचून नुसतं पॅरासिटामॉलच घ्या. दुसरं, फ्लू किंवा कांजिण्या झाल्या असताना ॲस्पिरिन चालू असेल तर क्वचित यकृत आणि मेंदूला गंभीर त्रास होतो. म्हणून त्याला फ्लूची लस दरवर्षी द्या, आणि घरात, पाळणाघरात किंवा शेजारी कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एमएमआर आणि कांजिण्यांची लस मात्र आयव्हीआयजीनंतर ११ महिने थांबवायची असते, आधी दिली तर ती नीट लागू पडत नाही. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर आयव्हीआयजीची तारीख ठळक लिहून ठेवा.

उशिराचं ओझं मनावरून उतरवा. आयव्हीआयजी ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं, तुम्ही आठव्या दिवशी दिलंत. उपचार न झालेल्या मुलांपैकी सुमारे २५ टक्क्यांना कोरोनरी फुगवटा येतो, वेळेत उपचार झाले तर ते प्रमाण ४-५ टक्क्यांवर येतं. तुमचा नातू त्या थोड्यांत आला, यात घरातल्या कुणाचीही चूक नाही. पावसाळ्यात बडोद्यात ताप म्हटला की सगळे आधी डेंग्यूच बघतात. पाच दिवस किंवा त्याहून जास्त टिकणारा ताप आणि त्याबरोबर चिकट स्राव नसलेले लाल डोळे, लाल ओठ-जीभ, अंगावर पुरळ असं दिसलं की कावासाकीचा विचार व्हावा, एवढं मात्र हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवावं.

खेळण्यावर बंधन नको. सहा-आठ आठवडे उलटून गेलेत आणि फुगवटा लहान आहे, तेव्हा डॉक्टरांची हरकत नसेल तर कमाटीबागेत त्याला मनसोक्त पळू द्या.

आणि पुण्याला खुशाल जा. ॲस्पिरिनच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, थोड्या सूनबाईंच्या पर्समध्ये आणि थोड्या तुमच्या बॅगेत, म्हणजे सामान इकडेतिकडे झालं तरी खाडा होणार नाही. डिस्चार्ज कार्डाचा आणि शेवटच्या इकोच्या रिपोर्टाचा फोटो घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या मोबाइलमध्ये असू द्या. तिथे ताप आला तर नुसतं पॅरासिटामॉल द्या आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करा. हा आजार पुन्हा होणं क्वचितच घडतं, पण ताप दोन दिवसांपलीकडे गेला तर पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि नाव-वय सांगण्याच्या आधी 'याला कावासाकी झाला होता, एलएडीला फुगवटा आहे' हे सांगा.